पलीकडं कोण राहातं?

भाड्यानं खोली बघायला आलेला माणूस काय विचारतो? नळ कितव्या दिवशी येतो, बोअरला पाणी हाय का, गाडी कुठं लावायची, मटण चालतं का. लातुरात इतकी वर्षं घर सांभाळलंय, हे प्रश्न मला पाठ आहेत आणि उत्तरंही. सर आले तेव्हा त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. चपला बाहेर काढल्या, खोलीच्या मधोमध उभे राहिले, आणि लेकराचा ताप बघावा तसा उलटा हात एकेका भिंतीला लावत फिरले. मी दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभी. मनात म्हटलं, बाई, हे काय ध्यान आलंय आज.

तिसऱ्या भिंतीपाशी थांबले. बोटानं टकटक केलं.

"साडेचार इंची हाय ही."

"आसंल. आमच्या ह्यांनी बांधलंय सगळं."

"पलीकडं कोण राहातं?"

"माझ्या मुलाची खोली हाय ती."

"राहातो मुलगा?"

"राहातो म्हंजे... येनार हाय."

त्यांनी मान हलवली. शर्टाच्या खिशातून वही काढली, त्यात काहीतरी लिहिलं, आणि म्हणाले, "बरं आक्का, उद्या सामान आणतो." काय लिहिलं ते मला कळायला पुढं पाच वर्षं लागली.

घराचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला उमगायचं नाही. आमचे हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही चाकूरकडं दगडामातीच्या घरात होतो. आम्हाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून ह्यांना डोक्यावर दगड नको झाला. लातुरात जागा घेतली आणि विटांच्या भिंती, वर स्लॅब, असं एका ओळीत तीन खोल्यांचं घर काढलं. रस्त्याकडची बैठक आणि तिला लागून स्वैपाकघर आमचं, मागची खोली भाडेकऱ्याची, तिला मागच्या रस्त्यावर वेगळं दार. आणि मधली खोली मुलाची. त्याच्या लग्नाच्या आधीच बांधून ठेवली होती. पलंग, लोखंडी कपाट, मोरीसुद्धा आत. आमच्या कॉलनीत घरोघर असंच आहे. लेकरं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, आणि घरातली सगळ्यात चांगली खोली कुलपात. दिवाळीला उघडायची, जाळे काढायचे, चादर बदलायची, पुन्हा कुलूप.

हे गेल्यावर मी बैठकीत झोपायचे. माझ्या आणि भाडेकऱ्याच्या मधे ती बंद खोली.

सर नांदेडकडच्या एका आयटीआयमधून रिटायर झाले होते. फ्रिज-एसी शिकवायचे. बायको जाऊन लई वर्षं झालेली, लेकरूबाळ नाही, लोह्याला एक पुतण्या, बस. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी हैदराबादेत ऑफिस काढून बसली होती. तिच्याकडं बर्फाच्या मुलखातल्या घरांचे नकाशे यायचे. तिकडं जुन्या इमारती दुरुस्तीला काढल्या की कुठल्या खोलीला केवढा हीटर बसवायचा याचा हिशेब लागतो, आणि त्यासाठी कुठल्या भिंतीतून किती ऊब पळते ते मोजावं लागतं. ते काम ती सरांना द्यायची. म्हणजे बघा, बर्फातल्या घराची ऊब किती जाते, हे लातूरच्या बेचाळीस डिग्रीत, बनियनवर, डोक्याला ओला पंचा गुंडाळून बसलेला माणूस मोजायचा!

बरं, थंडी म्हणजे काय ते ह्या माणसाला कधी ठाऊक नव्हतं. म्हणून एकदा ओळखीच्या बर्फाच्या कारखान्यात जाऊन, लाद्या ठेवतात त्या खोलीत अर्धा तास थर्मामीटर घेऊन बसून आले. भर मे महिन्यात सर्दी-खोकला. डॉक्टर म्हणाला, "काका, लोक उष्माघातानं येऊन राहिलेत, तुम्ही गारठून आलात?" घरी येऊन मला म्हणाले, "आक्का, मी ज्यांच्या भिंती मोजतो त्यांची थंडी मला ठाऊक पाहिजे का नको?" मी सुंठ टाकून चहा दिला.

"पलीकडं काय हाय?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. बँकेत गेले तरी, लग्नाच्या हॉलमध्ये जेवायला बसले तरी. आमच्या गल्लीत एकाच्या वास्तूला गेलो होतो. घरमालक कौतुकानं फरशी दाखवतोय, पीओपीच्या छतातले दिवे लावून दाखवतोय, आणि सर देव्हाऱ्यामागच्या भिंतीला हात लावून विचारतात, "हिच्या पलीकडं काय?" तो म्हणाला, "संडास." तेवढ्यात त्याच्या आईनं ऐकलं. पुढं महिनाभर त्या घरात देव्हारा कुठं हलवायचा यावरून रामायण चाललं होतं. सरांना बिचाऱ्यांना त्यातलं काही नको होतं. त्यांना नुसतं तपमान पाहिजे होतं.

मी विचारलं होतं एकदा, "सर, भिंतीच्या पलीकडं काय का आसंना, तुमाला काय करायचंय?"

मी भाकरी द्यायला गेले होते. त्यांनी माझ्या हातातली दुरडी घेतली, वरचं फडकं उचललं, वाफ आली, पुन्हा झाकलं.

"ऊब म्हंजे पाणी समजा, आक्का. उंचावरून खाली पळती. तिकडं घरात वीस डिग्री, रस्त्यावर उणे बारा. मधी नुसती भिंत आसली तर बत्तीस डिग्रीचा उतार. पण भिंतीच्या पलीकडं रस्ता नसून बंद खोली आसली तर? तिथं हीटर न्हाई. ती ना घरातली, ना रस्त्यावरची. थोडी ऊब इकडून घेती, थोडी तिकडं सोडती. समजा तिथं सहा डिग्री हाय. मंग आपला उतार चौदाचाच ऱ्हायला. चौदा भागिले बत्तीस. पॉइंट चव्वेचाळीस. हा त्या बंद खोलीचा आकडा. शून्य म्हंजे घरातलीच खोली, एक म्हंजे निव्वळ रस्ता."

"म्हंजे बंद खोली फडक्यावानी. भाकरीवरच्या."

सर माझ्याकडं बघतच राहिले. "आयटीआयला पोरांना हे समजवाया मला आठवडा लागायचा!"

मी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं ह्यांच्या पेपरावर आणि मुलाच्या जुन्या पुस्तकांवर शिकलेली. त्यामुळं असं कुणी म्हटलं की मला लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर त्यांना खोडच लागली. मला माणसांचे आकडे सांगायचे. कोपऱ्यावरचा किराणावाला? "पॉइंट नऊ. तोंड घरातलं, माणूस रस्त्यावरचा." समोरची मास्तरीणबाई, जी कधी हसली नाही पण माझ्या आजारपणात आठ दिवस डबा आणत होती, ती पॉइंट एक. मी म्हटलं, "आन तुमी वो, सर?" ते हसले नाहीत. म्हणाले, "मी आकडा न्हाई आक्का, मी खोली हाय. चारी भिंतींना रस्ता आसलेली." आणि लॅपटॉपात तोंड घातलं.

घरात त्यांनी थर्मामीटर लावले होते. एक अंगणात, एक त्यांच्याकडं, एक माझ्या बैठकीत. सकाळ-दुपार वहीत आकडे. मग एक दिवस दबकत आले, "आक्का, मधल्या खोलीची किल्ली देता का? एक खिळा ठोकतो फक्त."

मी किल्ली दिली, पण दारात उभी राहिले. ते आत गेले, पलंगाला हात लावला नाही, कपाटाकडं बघितलं नाही. खिळा ठोकला, थर्मामीटर लटकवला, पाच मिनिटं थांबून वाचला, आणि बाहेर आले. त्यांनी काही विचारलं नाही म्हणून मीच सांगितलं, "पुन्याला आसतो. यंदा जमलं न्हाई त्याला, पोराची परीक्षा हाय. पुढच्या दिवाळीला येतो म्हनलाय."

"हाव," सर म्हणाले. "छत्तीस हाय आत. बाहेर बेचाळीस, तुमच्या बैठकीत चाळीस. वर टाकीचं शेड हाय ना, स्लॅबला ऊन लागत न्हाई." मग दोन पावलं जाऊन परत फिरले. "आक्का, घरातली सगळ्यात थंड खोली कुलपात ठिवून तुमी भट्टीत झोपून राहिल्या."

"मुलाची हाय ती," मी म्हटलं.

आता ती म्हातारी.

एका थंडीच्या सुरुवातीला एक इमारत आली होती, चार मजली. नकाशांबरोबर तिकडच्या माणसानं काढलेले फोटो. सर सगळे फोटो बघायचे, लोक लग्नाचा अल्बम बघतात तसे. खालच्या मजल्यावरच्या एका घराच्या फोटोपाशी ते अडकले. मला बोलावून दाखवलं. एक खुर्ची. एक कप. दाराशी चपलांचा एकच जोड. आणि खुर्चीत पाठमोरी बसलेली, डोक्यावर पांढरी केसं, खांद्यावर शाल घेतलेली बाई. खुर्ची भिंतीला टेकवलेली.

"एकटीच दिसती," मी म्हटलं.

"एकटीच हाय. आन हे बगा." दुसरा फोटो. शेजारचं घर, त्याच भिंतीच्या पलीकडचं. रिकामं. हीटर काढून नेलेला, नुसत्या नळ्या राहिलेल्या. भिंतीवर जुनं कॅलेंडर. "ही भिंत बारा चौरस मीटर हाय. पलीकडं ऊब न्हाई. मी हिशेब केला. अडीचशे वॅट ह्या एका भिंतीतून जाऊन राहिलेत. साठचे चार पिवळे बल्ब रातंदिवस जळावेत तेवढी ऊब."

"मंग लावा की मोठा हीटर."

"तेच म्हनून राहिलो मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुशीला केली होती, गरम चुरमुऱ्यांची, त्यांना आवडायची. ताटली घेऊन गेले तर फोन मोठ्यानं चालू. हैदराबादची मॅडम.

"सर, क्लायंट म्हणतोय शेजारचा फ्लॅट गरमच धरा. दोन्हीकडं वीस डिग्री, मग भिंतीतून काही जातच नाही."

"रिकामा हाय तो, बाई. फोटो बघ तू."

"आज रिकामा आहे. उद्या कुणीतरी भाड्यानं येणारच की."

"येईल तवा येईल. यंदाच्या थंडीचं काय?"

"सर, तुम्ही माझे सर आहात, पण क्लायंट तर माझाही सर आहे! सगळी इमारत एका नियमानं धरलीय. एका भिंतीसाठी मी काय भांडू?"

"त्या भिंतीला टेकून माणूस बसलंय. हीटर आसलेल्या घरात शाल घेऊन बसलंय."

मग मॅडम हळू बोलली, "शुक्रवारपर्यंत ते म्हणतात तसा हिशेब पाठवा, सर. नाहीतर मला काम दुसऱ्याला द्यावं लागेल. हे एकच नाही, सगळंच. माझाही नाइलाज आहे."

फोन ठेवला. सरांनी तो फोटो पुन्हा उघडला. ते काम गेलं तर ह्या माणसाकडं उरतंय काय, हे मला दिसत होतं. सकाळी उठून बसायला एक कारण होतं त्यांना, तेवढं जाणार. म्हणून मी, माझ्या परीनं चांगलंच, बोलून गेले, "द्या की सर पाठवून. घर काय जल्मभर रिकामं ऱ्हातं का? येईल की कुणी तिथं."

सर म्हणाले, "आक्का, हिशेबात येनारा माणूस धरत नसतात. आसलेला धरतात."

"आसं कसं? माणसानं वाट बगायचीच न्हाई का मंग?"

"बगायची की. पण त्या पायी म्हातारीला गारठ्यात कामून बसवायचं?"

आता ते त्यांच्या म्हातारीचं बोलत होते. मला कळत होतं. पण माझ्या कानात दुसरंच शिरलं.

"म्हंजे माझा मुलगा येनार न्हाई, आसंच ना?"

"मी तुमच्या मुलाचं..."

"मला कळतंय कुठल्या भिंतीचं बोलून राहिले तुमी! साऱ्या गल्लीचे आकडे काढता. काढा, माझ्या मुलाचा काढा की. किती?"

सर खाली बघत म्हणाले, "जिथं माणूस ऱ्हातच न्हाई तिथं माणसाचा आकडा निघत न्हाई, आक्का. खोलीचा निघतो."

मी ताटली तशीच उचलली. "तुमचा तो थर्मामीटर काढून घ्या माझ्या मुलाच्या खोलीतून," म्हटलं, आणि आले निघून. त्यांनी त्याच संध्याकाळी काढून घेतला. आकडे वाचायला त्यांच्याकडं असायची ती किल्ली खिडकीत ठेवून गेले.

चार दिवस. भाकरी मी त्यांच्या उंबऱ्याशी झाकून ठेवायचे, रिकामी ताटली धुऊन माझ्या खिडकीत यायची. मागच्या खोलीत येरझारा ऐकू यायच्या, बंद खोलीतून येता येता बारीक झालेल्या. खुर्ची सरकायची, पुन्हा येरझारा. मला वाटायचं, पाठवून द्यावं ह्या माणसानं एकदाचं. आणि मग वाटायचं, पाठवलं तर? म्हणजे येणारा माणूस धरतात असं होईल, माझं खरं होईल. पण ते खरं व्हावं असं काही मला वाटेना. त्या बाईची पाठ डोळ्यांपुढून जाईना.

शुक्रवारी दुपारी सर स्वैपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत कधी आत आले नव्हते.

"पाठवला."

"काय धरलं?"

"रिकामी."

मी तवा खाली उतरवला. "मंग आता?"

"आता काय! मॅडमचा फोन येऊन गेला. रडली बिचारी. चांगली पोरगी हाय. तिचा काय कसूर न्हाई."

पाट दिला. बसले, जेवले. दोन घास झाल्यावर म्हणाले, "वरण आळणी हाय."

"चार दिवसांपासनं आळणीच हाय. तुमाला आज कळून राहिलं."

हसलो आम्ही दोघंही, पण फार नाही.

सरांचा हिशेब तिकडं कुणी वापरला का, मोठा हीटर बसला का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. थंडी पडली की सर मॅडमला फोन लावायचे, "त्या भिंतीचं काय झालं गं?" ती म्हणायची, "सर, ते काम कधीच संपलं. मलाही नाही माहीत." मग त्यांनी फोनमध्ये त्या गावाचं हवामान लावून घेतलं. मला पण लावून दिलं. सकाळी उठून बघायचे आणि सांगायचे, "आज तिकडं उणे सहा." आपल्याकडं शेंगा वाळत घातलेल्या, आणि आम्ही दोघं उणे सहाच्या काळजीत.

त्यानंतरच्या मे महिन्यात मला बैठकीत चक्कर आली. फारसं काही नाही, घामानं निथळत होते आणि उठता येईना. सरांनी पाणी पाजलं, पंचा ओला करून दिला. खोलीचं नाव काढलं नाही. एक शब्द नाही. त्यांनी सांगितलं असतं तर मी भांडले असते.

रविवारी मीच मुलाला फोन लावला. दोन दिवस मनात जुळवून ठेवलं होतं, त्याला वाईट वाटू नये असं कसं बोलायचं ते.

"बाळा, तुज्या खोलीत मी झोपाया गेले तर चालंल का रे? उन्हाळ्यापुरतं."

"आई, त्यात विचारायचं काय? मी तर कधीचा म्हणतोय, ती पण भाड्यानं देऊन टाक."

म्हटला असेल. मी ऐकलं नसेल.

"आन कपाटातली पुस्तकं तुजी?"

"रद्दीत दे गं. कोण वाचणार आता ती."

"बरं," मी म्हटलं. "जेवला का?" "हो, जेवलो." फोन ठेवला आणि किल्ली हातात धरून तशीच बसून राहिले. त्याच्या जिवाला लागेल म्हणून इतकी वर्षं मी ते कुलूप सांभाळलं होतं. त्याला काही लागलंच नाही. ह्याचं बरं मानावं की काय मानावं, मला अजून कळलेलं नाही.

माझी गादी सरांनीच उचलून नेली. पुस्तकं रद्दीत दिली नाहीत मी, खाली ढकलली नुसती. सरांनी विचारून त्याच खिळ्याला थर्मामीटर पुन्हा लटकवला. पलंग त्यांच्या भिंतीला लागून. सकाळी पलीकडून टकटक झालं.

"आक्का, किती हाय?"

मी चष्मा लावून बघितलं. "चौतीस!"

"लिवून ठिवतो!"

साडेचार इंची भिंत, तिला काय! खोकला ऐकू यायचा, रेडिओ ऐकू यायचा. उन्हाळा सरला तरी मी तिथंच राहिले, पुढच्या दोन थंड्या अशाच गेल्या. पहाट उजाडली की टकटक, आणि "आक्का, तिकडं उणे आठ!" "म्हातारी बरी आसंल का वो?" "काय सांगावं." एवढंच बोलणं. पण दिवस त्यानं सुरू व्हायचा.

मग त्यांच्या छातीचं दुखणं निघालं. पुतण्या लोह्याहून जीप घेऊन आला. सर जाताना म्हणाले, "थर्मामीटर ऱ्हाऊ द्या. मी येतो महिनाभरात." मी हाव म्हटलं. दीड महिन्यानं फोन आला, "जयभीम आक्का. काका गेले."

पुण्यानुमोदनाला लोह्याला गेले. भंते बोलत होते, बाया बसल्या होत्या, आणि मी भिंतीला टेकले होते. बाजूच्या बाईनं विचारलं, "काय झालं वो, आक्का?" तेव्हा मला कळलं, माझा उलटा हात भिंतीवर आहे. निघताना पुतण्यानं सरांची वही दिली. "तुमचंच नाव हाय त्यात लई ठिकाणी," म्हणाला.

बसमध्ये उघडली. पहिलं पान, ते खोली बघायला आले त्या दिवसाचं. चार ओळी, चार भिंती. उत्तर: अंगण. दक्षिण: बोळ. पूर्व: रस्ता. पश्चिम: बंद खोली. पुढं आकड्यांची पानंच्या पानं. आणि त्या मे महिन्यातलं पान, माझी गादी हलवली त्या दिवसाचं. उत्तर: अंगण. दक्षिण: बोळ. पूर्व: रस्ता. पश्चिम: आक्का.

लातूर येईपर्यंत मी पुढचं पान उलटलं नाही.

मागच्या खोलीला मी कुलूप घातलं. लोक विचारायला यायचे, मी म्हणायचे, "तिथला माणूस येनार हाय." दरवेळी तोंडातून हेच. एक दोन नाही, चौघांना सांगितलं. आणि थंडी आली. उशाची भिंत गार लागायला लागली, वाकळ घेऊनही. एका सकाळी मी उठले, सरांचे थर्मामीटर वाचले. माझ्याकडं तेवीस, अंगणात बारा, सरांच्या खोलीत सोळा. वहीच्या कोऱ्या पानावर मांडलं. तेवीसातून सोळा गेले सात. तेवीसातून बारा गेले अकरा. सात भागिले अकरा. भागाकार करायला अर्धा तास लागला मला. पॉइंट चौसष्ट.

निम्म्याहून जास्त रस्ताच झाली होती ती खोली. मी तिच्या पलीकडं शाल घेऊन बसले होते.

फोन काढून तिकडचं हवामान बघितलं. उणे अकरा.

चार दिवसांनी एक नर्स आली, चाळिशीची, उदगीरकडची, बदलीवर आलेली. एकटीच. मी खोली उघडून दिली. तिनं नळाचं विचारलं, गाडीचं विचारलं. मग मधल्या भिंतीकडं बघून, बाईमाणूस एकटं राहाणार म्हटल्यावर विचारतात तसं, म्हणाली, "मावशी, पलीकडं कोण राहातं?"

"मी," म्हटलं. "मी राहाते."